शार्लटमध्ये घर घ्यायचंय? ऑफर देण्याआधी करायची कामं

शार्लटला बदली होऊन आलेलं मराठी कुटुंब सहा महिन्यांच्या आत एकदा तरी विचारतंच, "घर कुठे घ्यावं?" मी त्यांना आधी दुसरीच गोष्ट सांगते. नॉर्थ कॅरोलायनात घर घेण्याचा क्रम उलटा आहे. पैसे आधी जातात, तपासणी नंतर होते. तुमची ऑफर मान्य झाली की ड्यू डिलिजन्स फी नावाची रक्कम थेट विकणाऱ्याला द्यावी लागते. नंतर घरात कितीही दोष निघाले आणि तुम्ही मागे फिरलात, तरी ती परत मिळत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या मित्रांचा सल्ला इथे म्हणूनच पुरा पडत नाही. इथे जो अभ्यास ऑफरच्या आधी होतो तो फुकट होतो, आणि जो नंतर होतो त्याची किंमत मोजावी लागते. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: आधी भाड्याने राहा

निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर. ऑफिसचा पत्ता पक्का असला तरी आठवड्यातून किती दिवस जावं लागेल, मूल कुठल्या शाळेत रमेल, संध्याकाळी तुमची माणसं कुठे भेटतात, हे राहिल्याशिवाय कळत नाही. एखादा भाग आवडला तर मंगळवारी सकाळी पावणेआठला तिथून ऑफिसपर्यंत स्वतः गाडी चालवून पाहा. रविवारी दुपारी वीस मिनिटांचं वाटणारं अंतर मंगळवारी पन्नास मिनिटांचं होतं. आय-७७ महामार्ग आणि प्रॉव्हिडन्स रोड यांच्या कोंडीची ख्याती तर सगळ्या शहराला ठाऊक आहे.

अपार्टमेंटच्या भाडेकरारात मध्येच सोडल्यास दंड किती आणि नोटीस किती दिवसांची, हे सही करतानाच पाहून ठेवा. अनेक ठिकाणी साठ दिवसांची नोटीस लागते, आणि घराचा ताबा व ही नोटीस जुळली नाही तर दोन महिने दोन्हीकडचे हप्ते भरावे लागतात.

दुसरी पायरी: शहराचा नकाशा डोक्यात बसवा

मधल्या भागाला इथले लोक डाउनटाउन म्हणत नाहीत, अपटाउन म्हणतात. त्याच्याभोवती आय-२७७ चं छोटं कडं आहे, आणि बाहेर आय-४८५ चं मोठं कडं, जे २०१५ साली पूर्ण झालं. घराची जाहिरात वाचताना पहिला प्रश्न हा की घर मोठ्या कड्याच्या आत आहे की बाहेर.

दक्षिणेला बॅलंटाइन आहे. १९९० च्या दशकात उभा राहिलेला हा भाग, स्वतःची ऑफिसं, दुकानं आणि शाळा असलेला. भारतीय कुटुंबं इथे बरीच आहेत आणि किमतीही त्या मानाने चढ्या. आणखी खाली गेलं की युनियन काउंटी लागते: मार्विन, वेडिंग्टन, वॅक्सहॉ. इथे प्लॉट मोठे आहेत आणि मालमत्ता कर शार्लट शहरापेक्षा कमी आहे, पण प्रत्येक कामाला गाडी काढावी लागते.

ईशान्येला युनिव्हर्सिटी सिटी. यूएनसी शार्लट विद्यापीठ, रिसर्च पार्कमधली बँकांची मोठी कार्यालयं, आणि २०१८ पासून थेट विद्यापीठापर्यंत येणारी ब्लू लाइन रेल्वे. अपटाउनला रोज जाणाऱ्याला ही लाइन मोठा आधार आहे. त्याच दिशेने पुढे कबॅरस काउंटीतली हॅरिसबर्ग आणि कॉन्कॉर्ड येतात. नैर्ऋत्येला स्टील क्रीक, लेक वायलीच्या अंगाने वाढलेलं. तिथे घर पाहताना अंगणात अर्धा तास उभे राहा, कारण विमानतळ जवळ आहे आणि काही वसाहतींवरून विमानं अगदी कमी उंचीने जातात. विमानतळाचा आवाजाचा नकाशा उपलब्ध असतो, तोही बघा. उत्तरेला हंटर्सव्हिल, कॉर्नेलियस, डेव्हिडसन ही लेक नॉर्मनकाठची गावं. तिथून शहरात येणारा मुख्य रस्ता एकच, आय-७७, आणि त्यावर २०१९ पासून टोलच्या लेन आहेत. रोजचा टोल हप्त्यात धरूनच तिथल्या घराची तुलना करा.

जुन्या शहराबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण नवे लोक तिकडे वळूनही पाहत नाहीत. डिलवर्थ हे १८९१ साली ट्रामच्या आधाराने वसलेलं शार्लटचं पहिलं उपनगर. मायर्स पार्क त्यानंतरचं, १९११ च्या सुमाराचं. दोन्हीकडे विलो ओकची झाडं रस्त्यावर कमान धरतात. घरं जुनी, महाग आणि देखभालीला कष्टाची. पण शार्लटचा नकाशा समजून घ्यायचा तर या भागांचा इतिहास ठाऊक असायला हवा. दक्षिणेकडे जाणारी श्रीमंत पाचर आणि तिच्याभोवती उत्तर, पूर्व, पश्चिम असा कमी गुंतवणूक झालेला चंद्रकोरीचा भाग, ही आकृती आपोआप तयार झालेली नाही. जुन्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकायला मनाई करणारी कलमं होती. सेकंड वॉर्डमधली ब्रुकलिन नावाची त्यांची भरभराटीची वस्ती १९६० च्या दशकात नगरविकासाच्या नावाखाली पाडली गेली. कुणी एखाद्या भागाला सरसकट 'वाईट' म्हटलं की ते मत कुठून आलं, हे स्वतःला विचारा आणि तिथे जाऊन डोळ्यांनी पाहा.

राज्याची सीमा ओलांडताना

बॅलंटाइनपासून काही मिनिटांवर साउथ कॅरोलायना सुरू होतं. फोर्ट मिल, टेगा के, इंडियन लँड. शाळांचं नाव चांगलं आणि राहत्या घरावरचा कर कमी, म्हणून बरेच जण तिकडे जातात. पण तिथे करासाठी राहत्या घराच्या किमतीचे चार टक्के धरतात आणि दुसऱ्या किंवा भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीचे सहा टक्के. चार टक्क्यांचा दर आपोआप मिळत नाही, काउंटीच्या असेसर कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो राहून गेला तर कराचं बिल दुपटीच्या वर जाऊ शकतं, कारण शाळांच्या खर्चाची मोठी सूटही त्याच अर्जाला बांधलेली आहे. व्हिसावर असणाऱ्यांनी आपली पात्रता ऑफरच्या आधी त्या कार्यालयाला विचारून घ्यावी. शिवाय नोकरी शार्लटमध्ये आणि घर सीमेपलीकडे असेल तर दोन राज्यांची आयकर विवरणपत्रं भरावी लागतात. एका राज्यात भरलेला कर दुसऱ्यात वळता होतो, पण हिशेब दरवर्षीचा.

तिसरी पायरी: शाळा पत्त्यावरून पाहा

"या वसाहतीला अमुक शाळा आहे" हे जाहिरातीतलं वाक्य पुरेसं धरू नका. शार्लट-मेक्लेनबर्ग शाळांच्या संकेतस्थळावर नेमका पत्ता टाकून प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल अशी तिन्ही नावं पाहा. शहर वाढतंय, नव्या शाळा उघडतात आणि हद्दी बदलतात. २०२४ मध्ये बॅलंटाइन रिज हायस्कूल सुरू झालं तेव्हा दक्षिणेकडच्या कितीतरी घरांची शाळा बदलली, आणि केवळ जुन्या शाळेसाठी जास्त पैसे मोजलेल्या घरांत मोठी हळहळ झाली. मूल आज पहिलीत असेल तर बारा वर्षं तीच हद्द राहील असं मानून किंमत देऊ नका. ठरावीक विषयांवर भर देणाऱ्या मॅग्नेट शाळांची सोडतही असते, तिचं वेळापत्रक आल्याबरोबर पाहून ठेवा.

चौथी पायरी: पैशाची कागदपत्रं

इथे एच-१बी वरच्या लोकांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. २५ मे २०२५ पासून एफएचए, म्हणजे सरकारी हमीचं, कर्ज कायम रहिवासी नसलेल्यांना मिळत नाही. जुने लेख आणि व्हिडिओ अजून त्याचा सल्ला देतात, तो सोडून द्या. साधं, म्हणजे कन्व्हेन्शनल कर्ज व्हिसावरही मिळतं. वीस टक्के भरले नाहीत तर पीएमआय नावाचा विमा हप्त्यात येतो. कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो काढून टाकायला सांगता येतं.

तीन तरी बँकांकडून लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या अंदाजित खर्चाचा तक्ता, मागवा. त्यांचा नमुना सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे ओळीला ओळ लावून तुलना होते. क्लोजिंगपर्यंत, म्हणजे घर नावावर होईपर्यंत, नवी गाडी किंवा हप्त्यावरचं फर्निचर घेऊ नका. नोकरी बदलण्याचा विचार असेल तर तो बँकेला आधी सांगा.

आईवडील भारतातून मदत करणार असतील तर घर पाहायला लागण्याच्या तीन महिने आधी पैसे मागवा. बँक गेल्या दोन महिन्यांचे खातेउतारे पाहते आणि प्रत्येक मोठ्या रकमेचा माग विचारते. भेट असल्याचं पत्र लागतं. भारतातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांवरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो आईवडिलांच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते, हे बाबांना आधी सांगा. वर्षभरात एकूण एक लाख डॉलरहून जास्त भेट आली तर तुम्हाला इथे फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर लागत नाही, पण फॉर्म चुकला तर दंड जबर आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. बँक जेवढं कर्ज द्यायला तयार असते तेवढं घेऊ नका. व्हिसावर असताना नोकरी गेली तर ६० दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत घराचा हप्ता छातीवर बसता कामा नये. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढून मगच ऑफर द्या.

पाचवी पायरी: एजंट

ऑगस्ट २०२४ पासून एजंटबरोबर घर पाहण्याआधीच लेखी करार करावा लागतो. त्यात त्याचं कमिशन किती, ते विकणाऱ्याने दिलं नाही तर तुम्ही देणार का, आणि करार किती दिवसांचा, या तीन ओळी नीट वाचा. पहिला करार एकाच घरापुरता किंवा थोड्या आठवड्यांचा करा.

"इथे भारतीय किती आहेत?" हे एजंटला विचारू नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे धर्म, वंश, मूळ देश यांवरून वस्ती सुचवणं त्याला मना आहे. ती चौकशी तुम्हीच करा. संध्याकाळी सहाला वसाहतीच्या बागेत चक्कर मारली की उत्तर मिळतं.

नव्या बांधकामाच्या मॉडेल होममध्ये, म्हणजे नमुना घरात, एजंटशिवाय पहिल्यांदा पाय ठेवलात तर पुढे तुमचा एजंट बिल्डर मान्य करेलच असं नाही. तिथली हसतमुख बाई बिल्डरची असते. बिल्डरचा करारही त्याचाच असतो, राज्याचा नेहमीचा नमुना नसतो. सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

सहावी पायरी: घर आपल्या डोळ्यांनी पाहा

स्क्वेअर फुटांची गंमत इथे उलटी आहे. सुपर बिल्टअपची भानगड नाही, राहण्याजोगी वातानुकूलित जागाच मोजतात आणि गॅरेज त्यात धरत नाहीत.

आपल्या घराला काय लागतं ते यादीत वर ठेवा. तळमजल्यावर झोपायची खोली आणि पूर्ण न्हाणीघर आहे का? आईबाबा सहा महिने राहायला येतात तेव्हा गुडघे जिन्याचा हिशेब विचारतात. शेगडीवरच्या पंख्याची हवा खरंच घराबाहेर जाते का? पुष्कळ घरांत मायक्रोवेव्हखालचा पंखा धूर ओढून पुन्हा खोलीतच सोडतो. मिरचीची फोडणी दिली की अलार्म वाजतो आणि वास आठवडाभर पडद्यांत राहतो. बाहेर जाणारी नळी नंतर बसवता येते का, हे भिंतीवर अवलंबून असतं. पूर्वाभिमुख दारासाठी बिल्डर जास्त पैसे मागतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर द्यावेत, पण उताराचा प्लॉट केवळ दिशेसाठी घेऊ नका.

उताराचं का, ते सांगते. माझं माहेर रत्नागिरीकडचं, लाल माती मला घरच्यासारखी. पण इथली लाल माती जांभ्याची नाही, चिकणमाती आहे. पाणी मुरवत नाही, धरून ठेवते. आम्ही पहिली ऑफर दिली ते घर मॅथ्यूज या उपनगरात होतं. नुकतं रंगवलेलं, स्वयंपाकघर नवंकोरं. ३,००० डॉलर फी दिली. तपासनीस घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये रांगत गेला आणि फोटो घेऊन आला: साचलेलं पाणी, ओली होऊन लोंबणारी इन्सुलेशन, तुळईवर पांढरी बुरशी. आम्ही सोडून दिलं, फी गेली. आणि हळहळ अशी की ते सगळं बाहेरून दिसत होतं. छपराच्या पाण्याच्या नळ्या पायाशीच संपत होत्या, मागचं अंगण पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पायाखाली पचपचत होतं. आम्ही आत ग्रॅनाइट बघत बसलो. तेव्हापासून माझा नियम आहे: पावसानंतर दुसऱ्या दिवशी घर पाहायला जायचं, आणि आत शिरण्याआधी घराला पूर्ण फेरी मारायची.

मेक्लेनबर्ग काउंटीच्या पोलॅरिस या मोफत नकाशावर पत्ता टाकला की प्लॉटच्या सीमा, मागच्या विक्रीच्या किमती, कराचं मूल्यांकन आणि पुराचा पट्टा दिसतो. घराच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. ओढ्याकाठचं घर असेल तर पूरविम्याचा दर आधी विचारा.

एचओए, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाची, नियमावलीही आधीच मागा. वर्गणी, भाड्याने देण्यावरची बंधनं, कुंपण, अंगणात कपडे वाळत घालणं. वर्गणी थकली तर घरावर बोजा चढतो, म्हणून तिला किरकोळ समजू नका.

सातवी पायरी: ऑफर

ऑफरमध्ये किंमतीइतकेच महत्त्वाचे तीन आकडे असतात. एक, ड्यू डिलिजन्स फी, जी गेली ती गेली. विकणाऱ्यानेच करार मोडला अशा मोजक्या प्रसंगीच परत मिळते, आणि खरेदी पूर्ण झाली तर किमतीत वळती होते. दोन, अर्नेस्ट मनी, म्हणजे आपल्याकडचा विसार. ती तिसऱ्याकडे राखून ठेवलेली असते. तीन, ड्यू डिलिजन्सची मुदत. ठरलेल्या तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत तुम्ही कुठल्याही कारणाने, किंवा कारण न देता, बाहेर पडू शकता आणि विसार परत मिळतो. पाच वाजून गेले की विसारही गेला.

नेहमीच्या नमुन्यात 'कर्ज मिळालं नाही तर करार रद्द' अशी वेगळी अट नसते. म्हणून मुदत एवढी तरी मागा की तपासणी, बँकेचं मूल्यांकन आणि कर्जाची मंजुरी तीत बसेल. २०२१-२२ च्या तेजीत लोकांनी वीस-वीस हजार डॉलर फी दिलेली मी जवळून पाहिली आहे. आता बाजार तेवढा तापलेला नाही. घर महिनाभर विकलं गेलं नसेल तर फी थोडी ठेवा आणि मुदत लांब मागा.

आठवी पायरी: तपासणी

ऑफर मान्य झाली त्याच दिवशी तपासनीसाला फोन करा. सर्वसाधारण तपासणीबरोबर वाळवीचा अहवाल घ्या, इथे वाळवी जमिनीतून येते. १९७८ ते १९९५ मधल्या घरात करड्या पॉलीब्युटिलीन नळ्या आहेत का, हे स्पष्ट विचारा. त्या आतून चिरतात आणि अनेक विमा कंपन्या अशा घराला नकार देतात. जुन्या भागात मोठ्या झाडाजवळचं घर असेल तर सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घाला आणि झाड तज्ज्ञाला दाखवा. १९८९ च्या ह्यूगो वादळात शहरातली हजारो झाडं कोसळली होती. एसीचं यंत्र किती वर्षांचं आहे ते त्यावरच्या पट्टीवर असतं. घर नवं असलं तरी तपासणी सोडू नका: एकदा भिंतींचे बोर्ड लागण्याआधी, एकदा वर्षाची हमी संपायच्या आधी अकराव्या महिन्यात.

नववी पायरी: क्लोजिंग

इथे क्लोजिंग वकिलाच्या देखरेखीखाली होतं, आणि वकील तुम्ही निवडता. जुन्या मालकीचा शोध, बोजे, सगळं तोच पाहतो. आपल्याकडे मुद्रांक शुल्क घेणारा भरतो, इथे दर हजारी दोन डॉलरचा मुद्रांक विकणाऱ्याच्या माथी असतो. सह्या झाल्या तरी खरेदीखत रजिस्टर ऑफ डीड्स या काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदलं जाईपर्यंत किल्ली मिळत नाही. ट्रक त्याच सकाळी दाराशी उभा करू नका. नवरा किंवा बायको त्या तारखेला भारतात असेल तर मुखत्यारपत्राची तयारी महिनाभर आधी करा, कारण कर्ज एकाच्या नावावर असलं तरी दोघांच्या सह्या सहसा लागतात.

पैसे वायरने पाठवायच्या आधी वकिलाच्या कार्यालयाला फोन करून खाते क्रमांक पडताळा, आणि तो फोन नंबर ईमेलमधून घेऊ नका. शेवटच्या दिवशी खोट्या ईमेलवर आयुष्याची बचत पाठवून बसलेली माणसं आहेत.

ताबा घेतल्यावर

शार्लट शहरात काउंटी आणि शहर मिळून मालमत्ता कर दर शंभर डॉलरला साधारण ७५ सेंटच्या आसपास पडतो. ४,५०,००० डॉलर मूल्यांकनाच्या घराला वर्षाला सुमारे ३,४०० डॉलर. मेक्लेनबर्गमध्ये फेरमूल्यांकन २०२३ साली झालं, पुढचं २०२७ ला आहे. तेव्हा हप्ता वाढेल असं धरून चला. बँक कर भरत असली तरी ५ जानेवारीनंतर व्याज लागतं, म्हणून डिसेंबरात काउंटीच्या संकेतस्थळावर 'भरला' असं दिसतंय का ते पाहा.

पहिल्या आठवड्यात कुलपं बदला आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. पहिला मोठा पाऊस पडून गेला की बॅटरी घेऊन क्रॉल स्पेसचं दार उघडा आणि जमिनीवर उजेड टाका.